चाळीस नंबरचा बूट

मराठीत 'पाय' हा एक बेजबाबदार शब्द आहे. तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, याचा खुलासा भाषेने कधी केलेलाच नाही. पायात काटा मोडतो तो तळव्यात, पाय मोडतो तो नडगीत, आणि थोरामोठ्यांच्या पाया पडताना आपण हात लावतो तो त्यांच्या बोटांना. पन्नाशी ओलांडेपर्यंत मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. आठ जोड बूट अंगावर पडले तेव्हा वाटलं.

आधी माझ्याविषयी थोडं, म्हणजे झालेला अपमान किती मोठा होता ते कळेल. मी, बुद्धभूषण, वाशिंदच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघतो. कुठला माल, कुठल्या पेटीत, कुठल्या गावाला, हा माझ्या नोकरीचा विषय. माझ्या हातून निघालेली पेटी कधी भलत्या गावाला गेलेली नाही. एकदा गेली होती, पण त्यात ड्रायव्हरच्या चष्म्याचा दोष होता. राहायला मी शहापूरला. सासुरवाडी मुरबाडच्या पुढे, बोरीचा पाडा. भानगड तिथेच सुरू झाली.

बोरीच्या पाड्याला गावची जयंती एप्रिलच्या शेवटच्या रविवारी साजरी होते, म्हणजे कल्याण-बदलापूरकडे पांगलेल्या सगळ्यांना येता येतं. सकाळी बुद्धवंदना, दुपारी भाषणं, आणि ऊन कलल्यावर कबड्डीचा सामना. लेकी विरुद्ध सुना. गावात जन्मून बाहेर दिल्या त्या लेकी, बाहेर जन्मून गावात आल्या त्या सुना. जिंकणाऱ्यांनी पहिल्या पंगतीला बसायचं. हरणाऱ्यांनी त्यांना वाढायचं आणि नंतर गावजेवणाचे चुलीवरचे काळेकुट्ट टोप घासायचे. असा नियम आहे, आणि तो ग्रामपंचायतीच्या कुठल्याही ठरावापेक्षा जास्त पाळला जातो.

गेली काही वर्षं सुना जिंकत होत्या. त्या एका गावात राहतात, विहिरीवर भेटतात, भाताच्या खळ्यावर सराव करतात. लेकी गावोगाव विखुरलेल्या. त्यांचा सराव व्हॉट्सॲपवर चालतो. त्यामुळे माझी बायको वंदना दर वर्षी माहेरी जायची आणि टोप घासून परत यायची.

"अहो, सासरी घासते ते घासते," ती मला म्हणाली. "माहेरी जाऊन पण टोपच? आईचे गुडघे बघितलेत का तुम्ही? आणखी किती वर्षं तिला पंगतीत वाढता येणार आहे? एकदा तरी मला तिच्या हातचं ताट बसून खायचंय."

हे ती हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. यात एक कौटुंबिक अडचण होती. माझ्या सासूबाई सोनूबाई म्हणजे बोरीच्या पाड्याची सगळ्यांत ज्येष्ठ सून. लेक हरली म्हणून त्यांना आनंद होतो असं नाही, पण सुना जिंकल्या म्हणून होतोच. गेल्या वर्षी वंदना घाम पुसत टोप घासत होती, तेव्हा त्या काठी टेकत आल्या, शेजारी बसल्या आणि मायेने म्हणाल्या, "कडंला काळं राह्यलं गो."

यंदा माझ्या मेहुण्याने, रूपेशने, मुरबाडच्या एका मंडळाकडून एक दिवसापुरती मॅट आणायचं ठरवलं. मॅटवर अनवाणी खेळलं तर तळवे सोलतात, म्हणून बूट हवेत. रूपेशची बायको मेघा ही सुनांची कॅप्टन. तिने सगळ्या सुनांना एका जीपमध्ये कोंबलं, मुरबाडच्या पेठेत कुंडलिकच्या 'विजयी स्पोर्ट्स'मध्ये नेलं, आणि संध्याकाळच्या आत बूट घालून सगळ्यांचे फोटो टाकले. फोटोखाली एका शब्दाचीच ओळ होती: टोप.

तो शब्द वंदनाला लागला. पुढच्या रविवारी आम्हीही 'विजयी स्पोर्ट्स'ला गेलो.

कुंडलिकचं दुकान म्हणजे दोन माणसं आत शिरली तर एकाला बाहेर यावं लागेल एवढं. त्यात बॅटी, जाळ्या, कॅरमची पावडर, बक्षिसाचे कप आणि स्वतः कुंडलिक. हा मनुष्य वस्तू दाखवण्याआधी आपला गुडघा दाखवतो. तो म्हणे जिल्ह्याच्या संघातून खेळायचा होता, पण आदल्या दिवशी गुडघा गेला. गुडघा कधी डावा असतो, कधी उजवा. लेकी-सुनांच्या सामन्याचा पंच दर वर्षी तोच, त्यामुळे तो स्वतःला अर्धा न्यायमूर्ती समजतो.

"किती जणी?" त्याने विचारलं.

"आठ. सात खेळणाऱ्या, एक राखीव."

"मग आठी जनींना घेऊन या. पाय बगल्याशिवाय मी बूट देत नाय."

"अहो, एक कल्याणला, एक बदलापूरला, एक आटगावला. कसं शक्य आहे?"

"मग सामना कसा शक्य हाय?" तो म्हणाला. प्रश्न बिनतोड होता म्हणूनच मला राग आला. मी बुटाची किंमत विचारली, कंपनीचं नाव वाचलं, आणि मोबाईल काढून बुटाचा फोटो घेतला. कुंडलिक माझ्या मोबाईलकडे पाहत राहिला. मी "बघून येतो" म्हटलं आणि बाहेर पडलो. 'बघून येतो' म्हणजे 'येत नाही' हे मराठीतल्या प्रत्येक दुकानदाराला कळतं.

"तुम्ही त्याच्यासमोर फोटो काढायला नको होता," वंदना एसटीत म्हणाली.

"त्याच्या मागे काढला असता तर फोटोत तो आला असता," मी म्हणालो.

शहापूरला आमच्या बिल्डिंगमध्ये बातमी माझ्या आधी पोचली. वरच्या मजल्यावरचा सुयोग दात घासण्याचा ब्रशसुद्धा ऑनलाइन मागवतो. तो म्हणाला, "काका, दुकानात कशाला जायचं? माझ्या मोबाईलवर सेल चालूय. आठ जोड एकदम घ्या, कूपन लागेल." तळमजल्यावरच्या कमळूकाकांचं मत उलटं. ते एसटीतून रिटायर झालेले आणि मागच्या अंगणात कोंबड्या पाळून आहेत. "बूट मागवाल आणि इटा येतील," ते म्हणाले. "आमच्या साडूच्या मेव्हण्याला आल्या. त्यानं मग त्यांची चूल बांधली." मी दोघांचंही ऐकून घेतलं. डिस्पॅचमधल्या माणसाने पार्सलला घाबरायचं म्हणजे माशाने पाण्याला घाबरण्यासारखं होतं. मी ठरवलं, ऑनलाइनच.

"मग निदान माप तरी नीट घ्या," वंदना म्हणाली. "आमचे बाबा बाजाराला जाताना आमच्या प्रत्येकाच्या पावलाएवढी काडी तोडून खिशात घालायचे. काडी बुटात घालून बघायची. कधी चुकलं नाही."

मी हसलो. आठ बायकांच्या पायांच्या काड्या खिशात घेऊन फिरण्याचे दिवस गेले, असं मी तिला समजावून सांगितलं. आता साइज चार्ट असतो.

'बोरीच्या लेकी' नावाचा त्यांचा ग्रुप होता. त्यात माझी खास नेमणूक झाली. ग्रुपवर आदल्या आठवड्यात दिपिकाने, म्हणजे आटगावला दिलेल्या लेकीने, टीमच्या ट्रॅक पँट शिवण्याचं काम अंगावर घेतलं होतं. ते मी वाचलं होतं. वाचून विसरलो होतो. मी माझ्या ऑफिसच्या भाषेत संदेश टाकला: 'सर्व लेकींनी आपापल्या पायाचं माप आज रात्रीपर्यंत कळवावं. चालढकल चालणार नाही.'

मापं धडाधड आली. अडतीस. छत्तीस. एकोणचाळीस. सदतीस. मी ॲपवरचा चार्ट उघडला. त्यात पस्तीसपासून बेचाळीसपर्यंत नंबर होते, परदेशी पद्धतीचे. एकही माप चार्टाबाहेर नव्हतं. आपल्या लेकींना परदेशी नंबर माहीत आहेत याचा मला अभिमान वाटला, आणि मी तो ग्रुपवर 'छान, अशीच शिस्त हवी' असं लिहून व्यक्तही केला. वंदनाने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "माझं चाळीस!" जरा जास्त वाटलं. पण इतक्या वर्षांच्या संसारात मी बायकोच्या पावलांकडे कधी निरखून पाहिलं नव्हतं, आणि आता पाहिलं असतं तर तिने कारण विचारलं असतं. मी चाळीस लिहिलं.

आता पार्सल. मी पत्ता असा लिहिला की आंधळ्यालाही घर सापडावं: बिल्डिंग, गल्ली, पिठाची गिरणी, गिरणीसमोरचं चिंचेचं झाड. पिनकोड मात्र टाइप करताना माझ्या बोटाखाली त्यातले दोन आकडे जागा बदलून बसले. एके सकाळी फोन आला.

"सर, पार्सल आहे. मी शहापुरात आलोय, घर सापडत नाही."

"समोर काय दिसतं?"

"डोंगर."

"बरोबर! माहुली. डोंगर पाठीशी ठेवून सरळ या. खाली काय दिसतं?"

"ऊस."

शहापूर तालुक्यात ऊस दिसायचा म्हणजे रसाच्या गाड्यावरच. मी विचारलं, "गाड्यावर?" तो म्हणाला, "नाही सर, शेतात. चिक्कार आहे." मी खुर्चीत बसलो. माझे बूट महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी दुसऱ्याच शहापुरात पोचले होते. डिस्पॅचमध्ये ही बातमी कशी फुटली मला माहीत नाही, पण दुपारच्या डब्याला कोणीतरी मला विचारलं, "साहेब, येताना गूळ आणणार का?"

बूट शेवटी योग्य शहापूरला आले तेव्हा सामना आठवड्यावर आला होता. लेकी सरावासाठी आमच्याकडे जमणार होत्या. मी हॉलमध्ये आठ खोकी ओळीने मांडली, प्रत्येकावर नाव चिकटवलं. चहा झाला. मी छोटंसं भाषणही केलं, त्यात 'नियोजन' हा शब्द दोनदा आला. मग लेकींनी बूट घातले.

दिपिका बुटकी आणि दणकट. तिचा छत्तीस नंबरचा बूट टाचेपाशीच अडकला. कल्याणहून आलेली राही उंच आणि सडपातळ. ती एकोणचाळीसमध्ये उभी राहिली आणि पुढे चालायला लागली, बूट मात्र जागेवरच राहिले. वंदनाने चाळीस नंबरच्या बुटात पाय घातला आणि वाकून आत बघितलं, हौदात बादली पडल्यावर बघतात तसं.

"हे कोणाचं माप?" ती म्हणाली.

"तुझं! तूच सांगितलंस, चाळीस."

"अहो, ते सलवारीचं! कमरेपासून घोट्यापर्यंत, चाळीस इंच!"

राही म्हणाली, "मी पण टेलरचंच माप दिलं. ट्रॅक पँटचं चाललं होतं ना?" मग एकेक जण बोलली. आठी जणींनी टेपने पायाची लांबी मोजून पाठवली होती. ती लांबी इंचात, आणि परदेशातल्या बुटांचे नंबर, हे दोन्ही छत्तीस ते चाळीसमध्ये यावेत, हा योगायोग माझ्यासाठीच राखून ठेवला होता.

"मी पायाचं माप मागितलं होतं!" मी म्हणालो.

"मंग दिलं की," दिपिका म्हणाली. "पाय म्हंजे कमरंपासून. पाऊल पायजे तर पाऊल लिवायचं. आमी काय तुमच्या मनात शिरून बगायचं व्हतं का?"

यावर व्याकरणाचा कुठलाही ग्रंथ माझ्या मदतीला आला नाही. मी उरलेला चहा प्यायलो.

बूट परत पाठवणं सोपं असतं असं सुयोग म्हणाला होता. ॲपमध्ये परत करण्याचं कारण निवडायचं असतं. 'आवडलं नाही', 'फाटलेलं आलं', 'उशिरा आलं' ही कारणं होती. 'पाय आणि पाऊल यात गफलत' हे नव्हतं. मी मदतीच्या खिडकीत सगळी हकिकत लिहिली. पलीकडून उत्तर आलं: 'प्रिय बुद्धभूषण, आम्ही तुमच्या पायाच्या वेदना समजतो. कृपया डॉक्टरांचा सल्ला घ्या.' मी लिहिलं, पाय माझा नाही, आठ बायकांचा आहे. त्यानंतर उत्तर आलं नाही.

तरी एक पोरगा बूट न्यायला आला. त्याने बूट पाहिले, मान डोलावली आणि खोकी मागितली. खोक्यांशिवाय माल परत जात नाही. हे मला माहीत असायला हवं होतं, मीच कारखान्यात लोकांना सांगतो. पण बाहेरच्या गॅलरीत रचून ठेवलेली खोकी तिथे नव्हती. मी खाली गेलो. कमळूकाकांच्या अंगणात माझी आठ खोकी ओळीने मांडली होती आणि प्रत्येकातून पिल्लांचा आवाज येत होता. सहाव्या खोक्यावर अजूनही 'वंदना' असं चिकटवलेलं होतं.

"तुमी टाकून दिली असं वाटलं," काका म्हणाले. "इटा नाय आल्या ते बरं झालं. इटांत पिल्लं राहिली नसती."

पोरगा रिकाम्या हाताने गेला. त्या संध्याकाळी वंदना माझ्यावर चिडली नाही, तेच जास्त वाईट होतं. ती गॅलरीत बसून भाजी निवडत होती. "राहू दे," ती म्हणाली. "यंदाही टोप घासू. आईला म्हणेन, तूच वाढ आणि तूच शेजारी येऊन बस." मला फार वाईट वाटलं. मी भाषणात नियोजन म्हणालो होतो, आणि तिच्या एका ताटाची वाट मी लावली होती.

मी उठलो, सगळे बूट एका पोत्यात भरले आणि ग्रुपवर लिहिलं: 'उद्या सकाळी सर्व लेकींनी आपापली पावलं घेऊन मुरबाडला यावं.' पाऊल या शब्दाखाली रेघ मारायची सोय ग्रुपवर नव्हती, म्हणून तो मी तीनदा लिहिला.

कुंडलिक दुकानाच्या पायरीवर बसला होता. त्याने मला पाहिलं, माझ्या खांद्यावरचं पोतं पाहिलं, मागे उभ्या आठ जणी पाहिल्या. मग सावकाश उठला.

"काय पावनं," तो म्हणाला. "आलात बगून?"

याहून जास्त तो काही बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. मी पोतं खाली ठेवलं आणि म्हणालो, "चुकलं माझं. आता तुम्ही म्हणाल तसं."

तो एका वाक्यात विरघळला असं नाही. आधी त्याने मला गुडघ्याची गोष्ट सांगितली. या वेळी गुडघा उजवा होता, मी मान डोलावली. मग पोतं फरशीवर ओतलं, लेकींना बाकावर बसवलं आणि माझेच बूट एकीचे दुसरीला घालून बघायला लागला. राहीचे दिपिकाला बसले. दिपिका "माज्याच नशिबी दुसऱ्याचे" म्हणाली, पण पाय आपटून बघितले तेव्हा खूश होती. काही जणींना आपसात जमलं, काहींना कुंडलिकने स्वतःचे बूट दिले. न बसलेले जोड त्याने दाराशी टांगले आणि खाली पाटी लावली: 'ऑनलाइन हुकलेले. बदलून मिळतील.' पुढे शाळेच्या पोरी ते घेऊन गेल्या, असं तो सांगतो.

फक्त वंदनाचं काही जमेना. तिचं पाऊल लहान. तिच्या मापाचा शेवटचा जोड मेघा घेऊन गेली होती, आणि नवा माल सामन्यानंतर येणार होता. राखीव बाईला खेळवा, असं कोणीतरी म्हटलं. वंदनाने चाळीस नंबरचा जोड उचलून पोत्यात टाकायला घेतला.

"चाळीसच घाला," कुंडलिक म्हणाला. त्याने दोन जोड जाड मोजे काढले, बुटाच्या टोकात कापूस ठासला आणि नाडी अशी आवळली की वंदना 'आई गं' म्हणाली. "बूट पायातून सुटनार नाय याची गॅरंटी माझी. बाकी बूट काय माझा नाय."

सामन्याला गाव लोटलं होतं. मॅटच्या एका बाजूला सोनूबाईंची खुर्ची, सुनांच्या अंगाला. कुंडलिक गळ्यात शिट्टी घालून. मी लेकींच्या बाजूला पाण्याची कळशी घेऊन उभा होतो, कारण मला दुसरं कुठलंही काम द्यायला कोणी तयार नव्हतं.

सुना सुरुवातीला पुढे होत्या. मग दिपिकाने पकडी करायला सुरुवात केली. तिच्या हाती लागलेली बाई पुन्हा स्वतःच्या मर्जीने हलली नाही. राहीने बोनस मारले. शेवटची चढाई आली तेव्हा गुण बरोबरीत होते आणि चढाईला वंदना गेली.

ती 'कबड्डी कबड्डी' करत शिरली, मेघाच्या खांद्याला हात लागला आणि वळली. मेघाने तिचा घोटा धरला. मग दुसरीने, मग तिसरीने. वंदना आडवी पडली, सगळ्या सुना तिच्या अंगावर. दम चालू होता, बारीक, पण चालू. ती सरपटत, कोपरं घासत मागे येत होती. मोकळा पाय तिने मधल्या रेषेकडे लांबवला आणि चाळीस नंबरच्या बुटाचं टोक रेषेला लागलं. शिट्टी वाजली.

"पोचली!" लेकी ओरडल्या.

"पाय नाय पोचला!" मेघा ओरडली. "बूट पोचला!"

आणि खुर्चीवरून काठी वर झाली. "पंच, नीट बगा!" सोनूबाई म्हणाल्या. "बुटाच्या त्या टोकात पाय कुठं हाय? कापूस हाय कापूस!"

हे सख्खी आई म्हणत होती. कुंडलिक मॅटवर गुडघे टेकून बसला. दोन्ही गुडघे चांगले वाकले हे मी पाहिलं, पण ती वेळ नव्हती. त्याने बुटाचं टोक अंगठ्याने दाबलं, दुकानात दाबतो तसं. टोक खाली बसलं.

"बोट नाय हितं," तो म्हणाला. सुनांनी टाळ्या पिटल्या. त्याने बुटावरचं कंपनीचं नाव वाचलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. सगळ्या सुना त्याची गिऱ्हाइकं, आणि हा बूट मी त्याच्याच दुकानात फोटो काढून दुसरीकडून मागवलेला. मी कळशीत बघायला लागलो.

"ऐका," कुंडलिक उभा राहिला. "पायात काटा गेला तर आपन म्हनतो पायाला लागलं. बुटात काटा गेला तरी पायालाच लागतो. बूट पायात हाय, मंग तो पायच. कुठनं आनला ते पंचानं बगायचं नसतंय." त्याने गळ्यातली शिट्टी सरळ केली. "दुकानदारानं बगायचं असतंय. ते मी नंतर बगीन. लेकींना गुण!"

वंदनाला उचललं तेव्हा ती हसत होती आणि रडतही होती. माझ्या हातून कळशी मॅटवर सांडली, त्याबद्दल रूपेश अजून बोलतो.

संध्याकाळी पहिल्या पंगतीला लेकी बसल्या. डाळ, भात, वांगं-बटाटा, पुरी, बुंदी. सुना वाढत होत्या. सोनूबाई काठी भिंतीला टेकवून आल्या आणि वंदनाच्या पानात स्वतः भात वाढला, त्यावर डाळ, मग बुंदीची मूठ, मग आणखी एक. "खा गो," म्हणाल्या. "लय वरसं माझ्या हातचं बसून खाल्लं नाय तू." वंदनाने डाळभात कालवून पहिला घास घेतला.

पंगत अर्धी झाली असेल. सोनूबाईंनी पदर खोचला आणि टोपांकडे निघाल्या. मेघा म्हणाली, "आई, तुमी कुठं? आमी हाव ना."

"मी पन सूनच हाय. हरलेय मी."

वंदनाचा हात पानावरच थांबला. ती उठणार होती. तिला मी पंचवीस वर्षं ओळखतो, आई टोप घासत असताना ही बसून बुंदी खाणार नाही. म्हणजे पुन्हा तेच. ते ताट अर्धंच राहणार.

मी पुढे झालो आणि सासूबाईंच्या हातातून काथ्या काढून घेतला.

"जावाय, ह्ये काय?" त्या घाबरल्या. "जावयाला टोप घासाया लावला तर गाव काय म्हनंल?"

"सासूबाई," मी म्हणालो, "हे गाव माझं काय लागतं?"

"सासर."

"ज्याचं सासर इथं, तो सुनांच्या बाजूचा. म्हणजे मीही हरलोय. तुमचे गुडघे दुखतात, तुमच्या वाटणीचं मी घासतो. तुम्ही जाऊन लेकीशेजारी बसा."

मेघा एवढ्या जोरात हसली की तिच्या हातातलं डाळीचं भांडं हिंदकळलं. "दाजी बरोबर बोलतात! मंग बाकीचे जावय पन उठा की!" राहीचा नवरा प्रणय नुकताच पुरी घेऊन बसला होता, त्याला दोघींनी दंडाला धरून आणला. आटगावचे जावई स्वतःहून आले, पण घड्याळ काढून खिशात ठेवायला त्यांनी बराच वेळ लावला. रूपेश म्हणाला, मी तर गावचा मुलगा, मी कोणात? त्याला पाणी आणायला पाठवलं.

राख, काथ्या आणि माणूस आत बसेल एवढा टोप. मी बाह्या सरसावून घासत होतो. समोर पंगतीत सोनूबाई मांडी घालता येईना म्हणून पाय पसरून वंदनाशेजारी बसल्या होत्या. मेघाने त्यांच्यापुढेही पान मांडलं. वंदना त्यांच्या पानात बुंदी वाढत होती, त्या तीच बुंदी परत हिच्या पानात टाकत होत्या, आणि दोघींचं काहीतरी चाललं होतं ते मला ऐकू येत नव्हतं. वंदनाच्या पायात अजून ते चाळीस नंबरचे बूट होते. काढायला ती तयारच नव्हती.

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली आणि माझ्याकडे, मग माझ्या टोपाकडे नीट पाहिलं.

"अहो," ती पंगतीतून ओरडली. "कडंला काळं राह्यलंय!"

खरंच राहिलं होतं. मी पुन्हा राख घेतली.